परीक्षणातला चौथा परिच्छेद

कुरोहासे गावातल्या तिसऱ्या आळीत घरं तेवीस आणि लिहिता येणारा माणूस एकच, असा एक समज होता. तो कोणी पसरवला हे आता सांगता येणार नाही, पण शिगेनोरी इसोगाईंनी तो कधी खोडूनही काढला नाही.

इसोगाईंची बेचाळीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात गेली. त्यातली शेवटची एकोणीस वर्षं गळतीचा वार्षिक अहवाल त्यांच्याकडे असे. गावात कुठे किती पाणी गळतं, का गळतं, आणि गेल्या वर्षीही तिथेच का गळत होतं, हे सगळं त्यात सविस्तर असायचं. एका वर्षी प्रांताच्या कचेरीतून तो अहवाल परत आला, तेव्हा मुखपृष्ठावर पेन्सिलीने ‘वाचला’ एवढाच शेरा होता. गळतीचा अहवाल कोणी वाचल्याची खात्याच्या इतिहासातली ही पहिली लेखी नोंद. इसोगाईंनी ते मुखपृष्ठ जपून ठेवलं, आणि निवृत्तीच्या समारंभात त्याचा उल्लेख दोनदा झाला. एकदा त्यांच्या स्वतःच्या भाषणात आणि एकदा त्यांनीच लिहून दिलेल्या दुसऱ्याच्या भाषणात.

त्यामुळे ‘तिसऱ्या बाकावरचा वसंत’ या मालिकेचं परीक्षण कोणी लिहायचं, हा प्रश्न आळीच्या समितीच्या बैठकीत फार वेळ टिकला नाही.

मालिका हायस्कुलातल्या प्रेमाची होती. गावचं हायस्कूल मुलं नाहीत म्हणून पाच वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. आदल्या शरदात टीव्हीवाले आले, तीन आठवडे त्या रिकाम्या इमारतीत राबले आणि गेले. आता दहा भाग दाखवून झाले होते आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरगावच्या मुली शाळेच्या फाटकापाशी उभ्या राहून फोटो काढू लागल्या होत्या. समितीचे अध्यक्ष कादोवाकी यांचं माशाच्या वड्यांचं दुकान. त्यांचं म्हणणं, एवढी मोठी गोष्ट आपल्या गावात घडली आणि आळीच्या कागदपत्रांत तिची नोंद नसावी हे बरं नव्हे. चौथ्या भागात त्यांच्या दुकानाची पाटी अडीच सेकंद दिसते, याचा या मताशी काही संबंध नाही, असंही त्यांनी आपणहून सांगितलं.

परीक्षण आळीच्या फिरत्या फाइलमधून सगळ्यांकडे जाणार होतं. ही फाइल महिन्यातून दोनदा पहिल्या घरातून निघते. आपल्याकडे आली की वाचायची, घराचा शिक्का मारायचा आणि शेजारी नेऊन द्यायची. तेविसावं आणि शेवटचं घर इसोगाईंचं. तिथून ती अध्यक्षांच्या कपाटात. एकदा निघालेली फाइल कोणाला मधूनच परत घेता येत नाही, तिच्यातला मजकूर बदलता येत नाही आणि घरांचा क्रम मोडता येत नाही, असा नियम आहे. हा नियम सहा वर्षांपूर्वी इसोगाईंनीच लिहिला. त्याची भाषा इतकी पक्की होती की त्यातून सुटायला फट ठेवायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले यायला लागले. गावात कुणी पाइप बदलायला काढला तर लोक नुसते पाइपाकडे बघतात. इथे तर प्रेम होतं, त्याबद्दल प्रत्येकालाच माहिती होती. नऊ नंबरच्या बाईंचं म्हणणं पडलं की नायिकेची आई फार उलट बोलते, त्यावर कडक लिहा. चौदा नंबरच्यांना समुद्राचं वर्णन हवं होतं, कारण समुद्र त्यांच्या खिडकीतून दिसतो. कादोवाकींनी वड्या बांधून देता देता सुचवलं की अडीच सेकंद हा आकडा वाचायला रुक्ष वाटतो, त्याऐवजी ‘बराच वेळ’ म्हणता येईल. इसोगाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : ‘दबाव आहे.’

मग त्यांनी मालिका पाहायला घेतली. सगळे भाग त्यांच्या बायकोने, फुमिएने, रेकॉर्ड करून ठेवलेले होतेच. गोष्ट साधी. नागिसा नावाची मुलगी वर्गात तिसऱ्या बाकावर बसते आणि दुसऱ्या बाकावरच्या तोवा नावाच्या मुलाच्या मानेकडे तीन वर्षं बघत राहते. बोलत काही नाही. शेवटच्या भागात तो गच्चीवर असतो, ती खाली सायकलींच्या शेडपाशी उभी राहून हळूच म्हणते, “तू कधी मागे वळून पाहिलंच नाहीस,” आणि ते त्याला वर ऐकू येतं. संपलं.

इसोगाई वही, पट्टी आणि घड्याळ घेऊन बसले. पहिल्या भागात त्यांना एकतीस चुका सापडल्या. पाचव्या मिनिटाला चार-दहाची गाडी येते. अशी गाडी नाही. चेरी फुललेली असताना पोरांच्या अंगात हिवाळी गणवेशाचे जाड कोट. प्रत्येक चुकीला ते चित्र थांबवत, मागे नेत, पुन्हा बघत आणि लिहून घेत. फुमिए शेजारी बसून सगळं सोसत होती. तिसऱ्या भागात नागिसा मैदानाकडेच्या नळावर तोंड धुता धुता रडायला लागली, तेव्हा इसोगाईंनी पुन्हा चित्र थांबवलं.

“अहो, ती रडतेय. नळ नंतर बघा,” फुमिए म्हणाली.

“रडायला माझी हरकत नाही,” इसोगाई म्हणाले. “पण शाळा बंद झाली तेव्हा ही जोडणी तोडली. त्या कागदावर माझी सही आहे. या नळाला पाणी येणं शक्य नाही.”

फुमिए उठली. चहाचे पेले उचलून आत गेली. पुढच्या सोमवारपासून ती उरलेले भाग तामाको उर्युकडे जाऊन पुन्हा पाहू लागली. तामाको तिची शाळेपासूनची मैत्रीण. आळीत सतरा नंबरला तिचं केस कापण्याचं सलून होतं आणि ते सोमवारी बंद असे. इसोगाईंना वाटलं, बरं झालं, कामाला शांतता मिळाली.

दहाही भाग मिळून दोनशे चौऱ्याण्णव चुका भरल्या. पण शेवटच्या भागातली गच्ची त्यांना स्वस्थ बसू देईना. तीन मजल्यांची इमारत, समोर समुद्र, वारा कायमचा. खाली हळूच बोललेलं वर ऐकू येईल? टीव्हीपुढे बसून हे ठरवणं म्हणजे गळतीचा अहवाल नकाशावरून लिहिणं. जागेवर जायला हवं.

जागेवर जायला परवानगी हवी. शिक्षण विभाग म्हणाला, इमारत आता पर्यटन विभागाकडे आहे. पर्यटन विभाग म्हणाला, इमारत आमची, पण गच्ची अग्निशमन दलाच्या यादीत आहे. अग्निशमन दलाने गच्चीला ना नाही म्हटलं, पण गच्चीवर जायचा जिना शिक्षण विभागाच्या ताब्यात निघाला. आठ दिवसांनी सगळे विभाग एका अर्जावर आले. त्यात ‘प्रयोजन’ या रकान्यात साफसफाई, दुरुस्ती, चित्रीकरण आणि इतर असे चार पर्याय होते. इसोगाई खोटं लिहिणारे नव्हेत. त्यांनी ‘इतर’वर खूण केली आणि समोरच्या मोकळ्या जागेत लिहिलं : ‘प्रेमाची जागेवर खातरजमा.’

खिडकीत आकुत्सु होता. तो एकेकाळी इसोगाईंच्या हाताखाली मीटर वाचायचा. चुकीचं वाचू नये म्हणून मोठ्याने वाचायची सवय त्याला इसोगाईंनीच लावलेली. त्याने अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. मागच्या टेबलांवरची टंकलेखनाची टकटक थांबली. मग आकुत्सुने अतिशय आदराने विचारलं, “सर, एकटेच जाणार की सोबत कोणी?”

“पत्नी,” इसोगाई म्हणाले.

“मग ‘दुरुस्ती’वर खूण करू का?”

तो हे चांगल्या मनाने म्हणाला होता, असं इसोगाईंनी रस्ताभर स्वतःला समजावलं.

शनिवारी सकाळी दोघं शाळेत गेली. फुमिएने भाताचे मुटके बांधून घेतले होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी दोघंही याच शाळेत शिकली. ती एक इयत्ता मागे, त्यामुळे इसोगाईंना ती तिथे कधी दिसल्याचं आठवत नव्हतं. फाटकातून आत शिरल्यावर ती जरा रेंगाळली. नळांच्या रांगेपाशी थांबली. इसोगाई एव्हाना जिन्यात होते.

योजना अशी होती. ते गच्चीवर, फुमिए सायकलींच्या शेडपाशी. त्यांनी रुमाल हलवला की तिने नागिसाचं वाक्य साध्या आवाजात म्हणायचं. वाक्य त्यांनी कागदावर लिहूनही दिलं होतं. त्यांनी रुमाल हलवला. फुमिएने वर पाहिलं, कागद घडी करून खिशात घातला आणि बोलायला लागली.

इसोगाई कठड्यावरून वाकले. वारा होता. घारी ओरडत होत्या. खालून एक अक्षर वर येत नव्हतं. वाक्य सहा शब्दांचं. फुमिएचे ओठ मात्र बराच वेळ हलत राहिले. इसोगाईंनी घड्याळ पाहिलं : दीड मिनिट. मग ती थांबली आणि तशीच वर बघत उभी राहिली. त्यांनी वहीत लिहिलं, ‘ऐकू येत नाही. प्रसंग अशक्य.’ त्याच्याखाली दुहेरी रेघ मारली.

खाली आल्यावर त्यांनी विचारलं, एवढा वेळ काय म्हणत होतीस? वाक्य विसरलीस का?

“नाही,” ती म्हणाली. “आलं का ऐकू?”

“अजिबात नाही.”

“मग झालं तर,” असं म्हणून तिने मुटके सोडले. आंबट बोराचं लोणचं भरलेले दोन होते, ते तिने त्यांच्या पुढ्यात ठेवले.

परीक्षण अकरा पानांचं झालं. पहिल्या परिच्छेदात इमारतीची माहिती, दुसऱ्यात चुका, तिसऱ्यात ध्वनीची चाचणी. कादोवाकींची पाटी ‘दोन पूर्णांक पाच दशांश सेकंद’ अशी नोंदली गेली. पण इसोगाईंचा जीव होता तो चौथ्या परिच्छेदावर. इथे त्यांनी मालिकेच्या मुळावरच घाव घातला होता :

‘तीन वर्षं एक अक्षर न बोलता एकाच माणसाकडे पाहत राहणं, ही गोष्ट प्रत्यक्षात आढळत नाही. प्रस्तुत लेखक याच शाळेचा विद्यार्थी आहे आणि असा एकही प्रकार त्याच्या पाहण्यात आलेला नाही. त्याचं लग्न मावशीने आणलेल्या स्थळाशी रीतसर झालं. छत्तीस वर्षांच्या संसारात पती-पत्नींपैकी कोणालाही अशा भावनांची गरज भासली नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.’

हा परिच्छेद वाचून दाखवू का, असं त्यांनी फुमिएला विचारलं. ती म्हणाली, फाइल येईलच की आपल्याकडे, तेव्हा वाचीन.

फाइल निघाली. चार दिवस काही कळलं नाही. पाचव्या दिवशी नऊ नंबरच्या बाई रस्त्यात भेटल्या आणि खूप खाली वाकून नमस्कार करून गेल्या. इसोगाईंना वाटलं, लिखाण पोचलं. सहाव्या दिवशी कादोवाकींच्या बायकोने वड्यांच्या पुडक्यात दोन जास्तीच्या घातल्या आणि फुमिएसान बऱ्या आहेत ना, असं हलक्या आवाजात विचारलं. ज्या घरात कोणी गेलंय तिथे जसं विचारतात, तसं. इसोगाईंनी ठीक आहे म्हणून सांगितलं. पण घरी येईपर्यंत त्यांना ते पुडकं जड वाटायला लागलं.

लेखकाला वाचकाचं मत कळायला हवं, या न्यायाने ते दुसऱ्या दिवशी फाइल जिथे पोचली असेल तिथे गेले. म्हणजे सतरा नंबरला, तामाकोच्या सलूनमध्ये. नियमाप्रमाणे फाइल हातात घेता येत नव्हती, म्हणून तामाकोने ती आरशापुढच्या फळीवर उघडून ठेवली आणि इसोगाईंनी हात मागे बांधून ती वाचली.

समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. दोनशे चौऱ्याण्णव चुकांवर कोणी काही म्हटलं नव्हतं. ध्वनीच्या चाचणीपाशी एक छोटंसं प्रश्नचिन्ह. चौथ्या परिच्छेदाशेजारी मात्र जागा उरली नव्हती. ‘नक्की?’ ‘पुन्हा तपासा.’ ‘फुमिएसानना विचारलंत का?’ हे शेवटचं चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत होतं. कादोवाकींच्या घराने फक्त ‘अरेरे’ लिहून त्यावर शिक्का मारला होता.

“हे काय आहे?” इसोगाईंनी विचारलं. त्यांचा आवाज दुखावलेल्या माणसाचा होता. “भाषा चुकली का?”

तामाकोने त्यांना केस कापायच्या खुर्चीत बसायला सांगितलं. दुसरी खुर्ची नव्हती. त्यामुळे पुढचं सगळं त्यांना आरशात स्वतःकडे बघत ऐकावं लागलं.

“इसोगाईसान,” ती म्हणाली, “मधली सुट्टी संपली की शाळेतला एक मुलगा कोणी न सांगता सगळे नळ घट्ट बंद करत फिरायचा. वेडाच होता. आम्ही हसायचो. फुमिए हसायची नाही. दोन वर्षं मी तिच्या शेजारी बसले. खिडकीतून दुसरं काही बघितलं नाही पोरीने.”

इसोगाई म्हणाले, ते नळ खरोखरच गळत असत.

“माहीत आहे,” तामाको म्हणाली.

पुढचं तिने निवांत सांगितलं. शाळा संपली, इसोगाई खात्यात लागले. फुमिए आठ वर्षं वाट बघत राहिली. त्यांची मावशी स्थळं जमवते हे कळल्यावर ती मावशीकडे शिवण शिकायला जाऊ लागली. शिवणाची तिला काडीची आवड नव्हती. आजही तिला बटण सरळ लावता येत नाही. इसोगाईंसाठी मावशीच्या खणात तेव्हा पाच मुलींचे फोटो होते. फुमिएने एके दिवशी त्यातले चार उचलले आणि पाचवा तेवढा ठेवला. पाचवा तिचा स्वतःचा.

आपल्यासारख्याला एकच स्थळ सांगून यावं, याचं इसोगाईंना छत्तीस वर्षं मनातून थोडं वाईट वाटत आलं होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी फळीवरचा कंगवा उचलून सरळ ठेवला. मग सरकारी नोकरीत मुरलेला माणूस जो प्रश्न विचारू शकतो, तोच त्यांनी विचारला.

“उरलेले चार फोटो कुठे आहेत?”

“माझ्या माळ्यावर असतील,” तामाको म्हणाली. “हवेत का?”

“नको,” इसोगाई म्हणाले. आणि उठता उठता त्यांनी विचारलं, “हे आळीत कोणाकोणाला माहीत आहे?”

“बायकांना सगळ्यांना. कादोवाकीसानना बायकोने ‘अरेरे’ लिहिलं तेव्हा कळलं.”

ते तसेच कादोवाकींकडे गेले आणि फाइल परत मागितली. कादोवाकींनी हात पुसले, नियमाचा कागद काढला आणि त्यांचाच नियम त्यांना वाचून दाखवला. वाचताना त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. अपवादाचं एखादं कलम शोधायला त्यांनी कागद उलटाही करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

फाइल अठरा, एकोणीस, वीस अशी सरकत राहिली. इसोगाई बागेतल्या झाडांना पाणी घालण्याच्या निमित्ताने रस्त्यावर नजर ठेवून होते. एकविसाव्या घरी पोचली तेव्हा ते घर बंद निघालं. मोगामी नवरा-बायको मुलीकडे गेलेली. फाइल दाराच्या फटीतून आत टाकलेली. परत यायला तीन दिवस. तीन दिवस म्हणजे पुष्कळ, असं इसोगाईंना वाटलं. एवढ्या वेळात माणूस बायकोशी दोन शब्द बोलू शकतो.

पहिल्या दिवशी त्यांनी सुरुवात केली आणि हवापाण्यावर घसरले. दुसऱ्या दिवशी, शिवण तुला फारसं आवडत नाही ना, असं विचारलं. फुमिएने सदऱ्याचं कुठलं बटण तुटलंय ते शोधायला घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलायचा मजकूर लिहून काढला. तो दीड पान झाला, आणि वाचून पाहिल्यावर गळतीच्या अहवालाची प्रस्तावना वाटला. तो त्यांनी फाडला. शनिवारी दुपारी मोगामीबाई परतल्या आणि संध्याकाळपर्यंत फाइल तेविसाव्या घरी आली.

फुमिएने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. माकूल चिरायचं बाजूला ठेवून, हात धुऊन, अकराही पानं वाचली. समासही वाचले असणार. मग फळीवरून शिक्का काढला, लाल शाईत टेकवला आणि नेहमीसारखा सरळ मारला.

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. “थोडं लांबलंय.”

आणि पुन्हा चिरायला लागली.

इसोगाईंना आयुष्यात पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं होतं. मुख्य वाहिनी फुटली तेव्हा लोकांनी त्यांच्या घरासमोर रिकाम्या बादल्या ठेवल्या होत्या. पण ‘छान लिहिलंय’ एवढं कशाने लागलं नव्हतं. ते दारातच उभे राहिले.

“मला तामाकोने सांगितलं,” ते म्हणाले.

सुरी थांबली नाही.

“मला का नाही सांगितलंस?”

फुमिएने विचार केला. खरोखर केला, छत्तीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. “आधी लाज वाटायची,” ती म्हणाली. “मग वाटलं, कळेल हळूहळू. मग ताकेशी झाला, मग त्याची शाळा, मग तुमच्या आईचं आजारपण. नंतर नंतर वाटायला लागलं, आता सांगून काय. तुम्ही चांगले वागत होता. पाणी जाणार असलं की सगळ्यात आधी आपल्याकडे सांगायचात. माझं काही अडलं नाही.” ती क्षणभर थांबली. “हे तुम्ही लिहिलंयत ते बरोबर आहे. गरज भासली नाही, हे तेवढं तुमचं तुम्ही लिहा. माझ्यातर्फे लिहायचं नव्हतं.”

इसोगाई म्हणाले, बरोबर आहे. त्या दिवशी जेवताना इसोगाईंनी टीव्ही लावला नाही आणि वहीही उघडली नाही. ते फुमिएकडे बघत होते. असं बघायची सवय नसल्यामुळे त्यांना ते नीट जमत नव्हतं. तिने दोनदा विचारलं, तोंडाला काही लागलंय का.

फाइलमधल्या चुकीच्या मजकुराचं काय करायचं, याची तरतूद नियमात होती. दुरुस्तीपत्रक काढायचं, आणि ते त्याच क्रमाने, त्याच तेवीस घरांत, प्रत्येक घराचा शिक्का घेत फिरवायचं. आतापर्यंत असं पत्रक कोणी काढलं नव्हतं. आळीत कोणी चुकलं नव्हतं असं नाही; पण चुकलो हे तेवीस घरांत स्वतःहून वाटायला कोण जाईल. इसोगाई दोन दिवस बसले. अकरा पानं आठ दिवसांत झाली होती. ही अर्ध्या पानाची जागा भरेना. शेवटी त्यांना येत होती त्याच भाषेत त्यांनी लिहिलं :

‘दुरुस्ती. यापूर्वी फिरवलेल्या परीक्षणाच्या चौथ्या परिच्छेदात असं म्हटलं होतं की एखाद्याकडे वर्षानुवर्षं न बोलता पाहत राहणं प्रत्यक्षात आढळत नाही. अधिक चौकशी करता असं एक प्रकरण याच शाळेत घडल्याचं निदर्शनास आलं आहे. कालावधी : दहा वर्षं. ही बाब संबंधित मुलाच्या लक्षात आली नाही. यात मुलीचा काहीही दोष नाही. मुलाने पाहणी नीट केली नाही. मुलगा प्रस्तुत लेखकच आहे. त्याला खेद आहे. मालिकेतल्या इतर चुका कायम.’

पत्रक निघालं. आठ दिवस इसोगाई घराबाहेर फारसे पडले नाहीत. कादोवाकींनी पहिला शिक्का मारला आणि वड्यांचं एक पुडकं स्वतः आणून दिलं, पैसे घेतले नाहीत. नऊ नंबरच्या बाई म्हणे पत्रक वाचून त्या दिवशी शेजारी द्यायलाच विसरल्या. नवऱ्यापुढे ठेवून बसल्या होत्या. समासात या वेळी कोणी काही लिहिलं नाही. फक्त शिक्के, एकाखाली एक, बावीस.

तेविसाव्या घरी फाइल आली तेव्हा फुमिए वाळत घातलेल्या गाद्या आत आणत होती. तिने गादीवर बसूनच पत्रक वाचलं. एकदा वाचलं, मग परत वाचलं. इसोगाई समोर गुडघे टेकून बसले होते, साहेबापुढे बसावं तसे.

“इथे चुकलंय,” ती म्हणाली.

इसोगाईंनी चष्मा लावला. तिचं बोट ‘कालावधी : दहा वर्षं’वर होतं. त्यांनी बोटांवर मोजलं. शाळेतली दोन आणि पुढची आठ. बरोबर दहा होतात, असं ते म्हणाले.

“होतात,” फुमिए म्हणाली. “पण ते संपलं असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. इसोगाईंनी फाइलकडे पाहिलं. बावीस शिक्के बसलेला मजकूर होता. त्यात काना-मात्रेचाही बदल करता येत नाही, हे त्यांच्याइतकं आळीत कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, ‘दहा वर्षं’ खोडलं आणि वर नीट वाचता येईल असं लिहिलं : ‘अद्याप चालू.’

मग पेन तिच्यापुढे धरून त्यांनी विचारलं, असं ठीक आहे का?

फुमिएने पेन घेतलं नाही. शिक्का आणायला ती आत गेली, आणि परत यायला तिला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.